चौथरा बांधला, इंजिन आलंच नाही

माझ्या बापाने माझा केसाने गळा कापला, असं मी नऊ वर्षं ज्याला त्याला सांगत होते. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, जळगावच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाताना बाकीच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणायच्या, "अहो, एका इंजिनावरून कुणी वडिलांशी अबोला धरतं का?" धरतं. मी धरला. इंजिन गेलं म्हणून नव्हे, माझा शब्द गेला म्हणून. आणि तो शब्द मी ज्यांना दिला होता ती माणसं तेव्हा रोज गाडीत माझ्यासमोरच्या बाकावर बसायची.

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, चाळीसगाव-धुळे गाडीचे ड्रायव्हर. आम्ही चाळीसगावला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मोठ्या लाइनीवर विजेची इंजिनं धावायची, आणि आमच्या या फाट्यावर, म्हणजे धुळ्याच्या आडलाइनीवर, मात्र अजून कोळशाचं काळं धूड भकभक करत जायचं. सकाळी गाडी धुळ्याला जायची. मी धुळ्याच्या कॉलेजात बी.ए.ला, त्यामुळे बापाच्याच गाडीने जाणं-येणं. बायकांच्या डब्यात मला सगळ्या 'ड्रायव्हरची पोर' म्हणायच्या. गाडीला उशीर झाला की बोलणी मला, वेळेवर पोचली की कौतुकही मलाच.

आता कुणाला खरं वाटणार नाही, पण ते इंजिन म्हणजे फाट्यावरच्या लोकांना घरातलंच वाटायचं. गाडी थांबली की बायका बादल्या, किटल्या घेऊन इंजिनाकडे धावायच्या. नानांचे फायरमन, त्यांना सगळे आबा म्हणायचे, ते नळी सोडून कडकडीत गरम पाणी द्यायचे. बाळंतिणीच्या अंघोळीला, चहाला, कुणाच्या सुजलेल्या पायाला शेकायला. थंडीत कुणी चार वांगी आणून दिली तर आबा कोळसा ओढायच्या फावड्यावर ठेवून ते फावडं भट्टीत धरायचे. असं भरीत मी जन्मात पुन्हा खाल्लं नाही. आई म्हणायची, कोळशाचा वास येतो. येऊ दे की.

इंजिनांच्या बाबतीत तेव्हा एक पद्धत होती, आता ती राहिली नाही. एका ड्रायव्हरला एक इंजिन. दुसरा कुणी त्याला सहसा हात लावायचा नाही. नाना त्याचं पितळ चिंचेने घासायचे, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, नारळ, समोर लिंबू. घरात आईला त्यांनी कधी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही, पण इंजिनाशी वाटभर बोलायचे म्हणे. आबा सांगायचे. मला मात्र नाना इंजिनावर चढू द्यायचे नाहीत. "पोरीबाळींचं काम नाही ते," एवढंच. मी हट्ट करून थकले.

मग बातमी आली की फाट्यावरही डिझेल येणार आणि कोळशाची इंजिनं निवृत्त होणार.

जेवता जेवता आईने विचारलं, "निवृत्त म्हणजे काय करतात त्याचं?" नाना म्हणाले, "माणूस निवृत्त झाला तर शाल देतात. इंजिन निवृत्त झालं तर आडबाजूच्या रुळावर नेऊन उभं करतात. मग ठेकेदाराची माणसं येतात आणि गॅसने कापून भंगारात घालतात." एवढं बोलून ते ताटावरून उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला वाटतं की आपण अर्ज केला की जग थांबतं.

थोड्याच दिवसांत आबांनी आणखी एक खबर आणली. या भागातलं एक कोळशाचं इंजिन म्हणे कापायचं नाही, रंग देऊन कुठल्या तरी स्टेशनासमोर चौथऱ्यावर कायमचं ठेवायचं. लोकांना बघायला. कोणतं ते अजून ठरलेलं नव्हतं. उभी होती दोन: आमचं एक, आणि दुसऱ्या एका शेडमधलं एक. दोघांतलं एक राहणार, एक कापलं जाणार.

झालं. मी कंबर कसली. धुळे स्टेशनासमोर आपलंच इंजिन उभं राहणार, हे मी परस्पर ठरवूनच टाकलं. वह्यांचे कागद फाडून अर्ज लिहिले आणि गाडीत सह्या गोळा करत सुटले. पहिला अंगठा शिरूडच्या भाजीवाल्या अक्कांचा. त्या रोज मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन धुळ्याला जायच्या, जिभेला हाड नाही, आणि माझ्यावर भलता जीव. धुळ्याच्या कचेरीत कारकून असलेले एक भाऊ शाईचा पॅड खिशातून आणायचे. वर म्हणायचे, "पॅड सरकारी आहे, दाबून अंगठे उठवू नका, शाई संपते." दूधवाले, कॉलेजची पोरं, गवंडी, देवदर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्या, कुणालाही सोडलं नाही मी. एका म्हातारबांनी विचारलं, "अंगठा दिन्हा तं इंजिन घर आणतस का?" सगळा डबा हसला. पण अंगठा दिला त्यांनी.

अर्ज वर गेले. आणि काय नवल, श्रावणात खरंच एक साहेब तपासणीला आले! चाळीसगावच्या शेडमध्ये दोन तास होते. मला तिथे प्रवेश नव्हता, म्हणून मी क्वार्टरच्या ओट्यावर बसून राहिले. नाना घरी आले ते थेट मोरीत जाऊन हातपाय धूत बसले. बराच वेळ धूत होते. मी दारात उभी.

"काय म्हणाले साहेब?"

नानांनी पंच्याने तोंड पुसलं. तोंड पंच्यातच होतं तेव्हा म्हणाले, "मंजूर व्हयनं."

मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू विळी हातात घेऊन धावत आल्या. नाना पुढे म्हणाले, "रंग लावाले जाई ते. दसराले वापस येई." आईने देवापुढे साखर ठेवली. मी नानांच्या पाया पडले. ते मागे सरकले, इतकंच मला आठवतं. तेव्हा वाटलं, लाजले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गाडीभर सांगत सुटले. गवंडी म्हणाले, इंजिन येणार तर चौथरा नको का आधी? धुळ्याच्या स्टेशन मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "माझ्याकडे लेखी काही आलेलं नाही. पण ड्रायव्हरच सांगतोय म्हटल्यावर बांधा, माझी ना नाही." आणि आमच्या माणसांनी चौथरा बांधला. कुणी बैलगाडीतून दगड आणले, कुणी वाळू, गवंड्याने आठ रविवार फुकट काम केलं, बायकांनी माती टाकली, पाणी मारलं. भाजीवाल्या अक्का पाटी रिकामी झाली की परतीच्या गाडीपर्यंत तिथेच. नाना रोज गाडी घेऊन धुळ्याला यायचे आणि तो चौथरा हात हात वर चढताना बघायचे. इंजिनावरून खाली उतरायचे नाहीत. मी खालून ओरडायची, "नाना, पुरेल ना एवढा लांब?" ते मान हलवायचे.

मान हलवायचे! आज लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

नवरात्र आठवड्यावर आलं आणि इंजिनाचा रंगकामाला जायचा दिवस ठरला. धुळ्याहून चाळीसगावपर्यंतची ती त्याची शेवटची गाडी. स्टेशनावर माणसांची ही गर्दी. मी डब्याकडे निघाले, तर नानांनी वरून हाक मारली, "ये वर."

मला ऐकूच आलं नाही आधी. आबांनी हात दिला आणि मी चढले. एकोणीस वर्षं ज्यासाठी हट्ट केला ते असं बसल्या जागी मिळालं. भट्टीची धग तोंडावर, पायाखाली सगळं थरथर, कान बधिर. नानांनी माझा हात शिट्टीच्या साखळीवर ठेवला आणि म्हणाले, "ओढ." मी ओढली. धुळे मागे पडलं. प्रत्येक स्टेशनावर हार घेऊन माणसं उभी होती, बायका कुंकू लावत होत्या इंजिनाला, आणि मी, शहाणी, बाहेर वाकून ओरडत होते, "रंगवायला चाललंय! दसऱ्याला परत येतोय आपण! सगळ्यांनी धुळ्याला या!" शिरूडला भाजीवाल्या अक्का नवी कोरी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी मला मिठीच मारली, म्हणजे पायांना मारली, कारण मी वर होते. नानांनी एका शब्दाने मला अडवलं नाही. एकदाही नाही. मी माझ्या आयुष्यात इतकी आनंदात कधीच नव्हते, आणि हे मी लग्न आणि दोन लेकरं झाल्यावर सांगतेय.

दसऱ्याच्या दिवशी धुळे स्टेशनासमोर निदान दीडदोनशे माणसं असतील. चौथऱ्यावर मी स्वतः रांगोळी काढलेली, नारळांची रास, झेंडूच्या माळा. सकाळची गाडी आली. डिझेल इंजिन, निळं-पिवळं, स्वच्छ, भोंगा बैल हंबरल्यासारखा. ते चालवत होते नाना. पांढरा शर्ट घातलेले. मी तोपर्यंत नानांना इस्त्रीच्या शर्टात कामावर जाताना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे धावले. "नाना, आपलं कुठाय? मागून येतंय का?" नानांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि काच ओढून घेतली.

लोक दुपारपर्यंत थांबले. मग एकेक नारळ उचलून घरी गेले. भाजीवाल्या अक्का सगळ्यात शेवटी गेल्या. मी रडत होते, तर त्याच माझी समजूत घालत होत्या, "येई वं, उशीर व्हयना व्हई. सरकारी काम शे."

घरी विचारलं तर नाना म्हणाले, रंगाचं काम लांबलं. दिवाळीत विचारलं, तेच. मी तेच सगळ्यांना सांगितलं. बापाचं बोलणं जसंच्या तसं, पोपटासारखं.

दिवाळीनंतर मी मावशीकडे नशिराबादला गेले होते. मावसभाऊ म्हणाला, रुळाच्या बाजूला तुमच्यासारखं एक इंजिन कापताहेत, बघायला लोक जाताहेत. मी त्याच्या सायकलवर मागे बसून गेले. ऊन चांगलं लख्ख होतं, लपायला कुणाला जागा नव्हती. आमचंच होतं. पुढचा अर्धा भाग गेलेला, बॉयलर उघडा पडलेला, आतल्या नळ्या दिसत होत्या. कोरडं गवत, तेलाचे डाग, आणि गॅसची ती निळी जीभ. ज्या जागी मी उभी राहून ओरडत आले होते ती जागा जमिनीवर आडवी पडली होती आणि तिच्यावर एक माणूस बसून चहा पीत होता.

मी तिथल्या मुकादमावर तुटून पडले. "हे रंगवायचं इंजिन आहे! चुकून आणलंय तुम्ही!" बिचारा घाबरला. त्याला वाटलं मी कुणी साहेबाची मुलगी. त्याने झोपडीतून कागद आणून दाखवला. वर इंजिनाचा नंबर, खाली 'निकामी, डिझेल आल्यावर भंगारात', तारीख श्रावणातली. ज्या दिवशी साहेब आले होते त्याच दिवसाची. म्हणजे चौथऱ्याचा पहिला दगड पडायच्या आधीची. आणि एका कोपऱ्यात सही. वळणं घेत घेत, धडपडत लिहिलेली. ती सही मी माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती.

त्याच दिवशी बस पकडून मी चाळीसगाव गाठलं. नाना ओट्यावर बसले होते.

"तुम्हाला श्रावणापासून माहीत होतं?"

"हां."

"चौथरा बांधताना माहीत होतं?"

"हां."

"मला इंजिनावर चढवलंत तेव्हा?"

त्यांनी मान खाली घातली. "हां."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. मी हात झटकून बोलले. तुम्ही माणसांना तोंडघशी पाडलंत, मला पाडलंत, स्वतःला डिझेलची खुर्ची मिळाली म्हणून गप्प बसलात, असंही म्हटलं. तेव्हापासून आमच्यात 'जेवायला या' आणि 'जाते' एवढेच शब्द उरले.

त्यापेक्षा वाईट होती ती रोजची गाडी. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. बाप खोटं बोलला, हे कुठल्या तोंडाने सांगू? "लांबलं," म्हणायची. होळीपर्यंत लोक विचारत राहिले. मग भंगाराची बातमी त्यांच्यापर्यंत आपोआप पोचली आणि विचारणं बंद झालं. डब्यात मी शिरले की गप्पा थांबायच्या. एके दिवशी भाजीवाल्या अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अंगठा दिन्हा व्हता ना मी." बस्स, इतकंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परीक्षा झाली तशी मी धुळ्याला जाणं सोडलं, आणि वर्षाच्या आत लग्न करून जळगावला आले. चौथऱ्यावर तोवर रिक्षावाले पत्ते कुटायला लागले होते.

इथपर्यंतची गोष्ट मी नऊ वर्षं अशीच सांगत होते, आणि सगळे माझ्या बाजूने हळहळायचे.

मग धुळ्याला एका लग्नात आबा भेटले. थकले होते, कानाने कमी, पण मला ओळखलं. पंगत उठल्यावर आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. मी नेहमीचं सुरू केलं, नाना कसे, नानांनी काय केलं. आबा ऐकत राहिले आणि एकदम म्हणाले, "तुले माहीतच नही का?"

"काय?"

"साहेबनी वही वाची ना. बठ्ठं तुन्हाच अक्षरमा व्हतं."

सगळं माझ्याच अक्षरात! आता मला ती वही सांगावीच लागेल. इतका वेळ सांगितली नाही, कारण मला ती आठवतही नव्हती. आठवावी अशी ती गोष्टच नव्हती. प्रत्येक इंजिनाची एक दुरुस्तीची वही असायची. फेरी संपली की ड्रायव्हरने काय बिघाड आहे तो त्यात लिहायचा आणि शेडच्या फिटरने तो दुरुस्त करायचा. नानांना लिहायचा कंटाळा, इंग्रजीची भीती. ते वही घरी आणायचे आणि सकाळी नेऊन ठेवायचे. आठवीपासून ती वही मी लिहायची. नाना सांगायचे, मी इंग्रजीत उतरवायची. आणि फिटर लोक असे वस्ताद, की साधं लिहिलं तर पान्याला हात लावायचे नाहीत. हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक. म्हणून नाना म्हणायचे, "जरा जोरमा लिख. नही तं त्या हात बी लावतस नही."

आणि मी जोरात लिहायची! शाळेत बक्षीस मिळालेली डिक्शनरी उघडून बसायची आणि एकापेक्षा एक भयंकर शब्द शोधायची. नळीतून थेंब थेंब पाणी गळतंय, तर मी लिहिणार, 'हेवी लीकेज, व्हेरी डेंजरस.' चाकाच्या आसाची पेटी जरा गरम झाली, तर 'बर्निंग.' ब्रेक किंचित उशिरा लागतो, तर 'एनी टाइम ॲक्सिडेंट.' खाली दोन रेघा. नाना बघून खूश व्हायचे, कारण दुसऱ्या दिवशी फिटर हजर. आमचं इंजिन फाट्यावर सगळ्यात तंदुरुस्त होतं ते या वहीमुळे. सहा-सात वर्षांच्या वह्या असतील, माझ्या मोत्यासारख्या अक्षरातल्या.

साहेब बाहेरचे. त्यांना शेडची ही रीत काय माहीत? त्यांनी दोन्ही इंजिनांच्या वह्या मागवल्या. दुसऱ्या शेडचे ड्रायव्हर आळशी, त्यांनी वर्षानुवर्षं काही लिहिलंच नव्हतं. वही कोरी, म्हणजे इंजिन निरोगी! आमची वही म्हणजे पानोपानी मरणाची भाषा. साहेबांनी सगळ्यांसमोर चार-पाच पानं मोठ्याने वाचली आणि नानांना विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?"

आबा म्हणाले, नानांनी वहीतल्या माझ्या अक्षराकडे बघितलं. मग म्हणाले, "हो साहेब, मीच."

"खरं आहे का हे?"

नाना सांगू शकले असते की, साहेब, हे फुगवलेलं आहे, पोरीने लिहिलंय, इंजिन ठणठणीत आहे, चला, आत्ता चालवून दाखवतो. पण मग सरकारी वहीत घरच्या पोरीने लिहिलं, आणि तेही वाढवून, हे कबूल करावं लागलं असतं. नोकरीवर आलं असतं. नाना म्हणाले, "खरं आहे." आणि सही केली.

मांडवात बँड वाजत होता. ज्या इंजिनासाठी मी फाट्यावरच्या माणसांचे अंगठे गोळा केले ते मीच माझ्या हाताने लिहून लिहून मारलं होतं. आणि नानांनी हे मला सांगितलं नाही. का? मला वाचवायला? आबांना तसंच वाटतं. "तू खचली असतीस म्हणून," म्हणाले. मला मात्र दोन्ही वाटतं. पोरीसाठी गप्प बसले असतील आणि नोकरीसाठीही बसले असतील, आणि कशासाठी जास्त ते त्यांनाच ठाऊक. पण माझ्या मनावर ओझं नको म्हणून ज्या माणसाने हे लपवलं, त्यानेच चौथरा बांधू दिला? मला इंजिनावर चढवून गावोगाव खोटं ओरडू दिलं? एकदा 'मंजूर' बोलून बसले आणि मग मागे फिरायची छाती झाली नाही, असंच असणार. माझ्या एका आनंदाच्या ओरडण्याने ते अडकले असतील. तरी पण.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला मुलांकडे बघायला सांगून चाळीसगावला गेले. नाना निवृत्त होऊन स्टेशनामागे दोन खोल्यांत राहत होते. अंगणात बसून शेंगा फोडत होते. मी वाटेत सगळं ठरवून आले होते. आधी पाय धरायचे, मग बोलायचं. नऊ वर्षांचं एका दमात.

मी पाय धरले. नाना दचकले. "काय व्हयनं? घरी बठ्ठं ठीक शे ना?"

"नाना, वहीमुळे इंजिन गेलं ना? माझ्या लिहिण्यामुळे?"

"कोणती वही?"

"दुरुस्तीची. आबांनी सांगितलं मला सगळं."

"आबाले आते काही याद नही ऱ्हास. म्हातारा व्हयना तो." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "इंजिनच खराब व्हतं. तुन्हा काय संबंध?"

"नाना, खराब नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, नव्हतं. मी वाढवून लिहिलं. माझं चुकलं. मी तुम्हाला नको नको ते बोलले. मला माफी मागायची आहे."

"कसानी माफी? काही व्हयनंच नही." आणि आत बघून, "वं, पोर उनी शे, चहा ठेव."

मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, म्हणजे सगळं कळत होतं. "नाना, एकदा तरी खरं बोला माझ्याशी. एकदा म्हणा, हो, तुझ्यामुळे गेलं. मग मला शिव्या द्या, मारा, पण म्हणा."

नानांनी कानामागे हात नेला. भट्टीसमोर आयुष्य काढलेली माणसं कानाने अधू होतात, नानाही थोडे झाले होते. पण मगाचं सगळं त्यांना नीट ऐकू आलं होतं. एकेका वाक्याचं उत्तर दिलं होतं त्यांनी.

"काय म्हणस? ऐकू नही येत," नाना म्हणाले.

मी पुन्हा ओरडून सांगितलं. नानांनी हात कानामागून काढला नाही. तिसऱ्यांदा मी बोललेच नाही. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा नाना शेंगा फोडत होते, आणि माफी मागायला आलेली मी अंगणाचं दार आपटून रस्त्याला लागले होते.